येसूचा पाळणा आणि मिशांचं भय

सरका रे, नीट पडा. मधे बोलाल तर गोष्ट बंद.

डोंगरापलीकडं एक गाव होतं, मिशीपूर. तिथं शहाणपण कमी, मिशा फार. सगळे मानायचे, पाळण्याची दोरी पोरानं धरली की त्याला जन्मात मिशी फुटत नाही. मग दोरी कुणी धरायची? पोरींनी. आणि शाळेत कुणी जायचं? पोरांनी. झाला न्याय!

त्या गावात होती येसू. आई-बाप रानात, येसू पाळण्यापाशी. धाकटा धोंडू असा रडका, की पाळणा थांबला की भोकाड पसरायचा आणि छपराची कौलं भुर्रकन उडायची. शाळा भिंतीपलीकडंच. येसूनं भिंतीला कान लावून पाढे पाठ केले, बरं का. पण अक्षर काही भिंतीतून दिसेना.

मग गुरुजींनी दवंडी पिटवली, "गुरुवारपर्यंत जो येऊन बसेल, त्याचंच नाव पटावर. नंतर नाही."

येसूनं दोरी शेळीच्या शिंगाला बांधली आणि पळाली. शेळीला बाभळीच्या शेंगा दिसल्या. शेळी थांबली, धोंडू रडला, सात कौलं उडाली. येसू शाळेच्या उंबऱ्यावरून परत.

मग तिनं वाऱ्याला हाक मारली, "वारेदादा, एवढा पाळणा हलवा." वारा भला, पण त्याला हळू काही करता येईना. पाळणा गेला चिंचेच्या शेंड्यावर! धोंडूला खाली आणेपर्यंत त्यानं अर्धं छप्पर उडवलं.

मग गुरुवार उजाडला. येसू दोरी ओढत होती, डोळे पुसत होती. शाळेतली तीन पोरं दारात आली. सावळ्या, गेणू आणि बारका तुका.

"येसे, ऊठ. दोरी आण इकडं. आम्ही पाळ्या लावल्यात."

"अरे, तुमच्या मिशा?"

सावळ्यानं ओठावरून बोट फिरवलं. भ्यालं होतं पोरगं. तरी म्हणाला, "नाही फुटल्या तर ताक पिताना भिजायच्या तरी नाहीत. पळ तू!"

शेजारची आत्याबाई किंचाळली, "मेल्यांनो, वाटोळं होईल!"

"तुलाही मिशा नाहीत की आत्या, काय अडलंय तुझं?" बारका तुका म्हणाला.

सावळ्यानं दोरी ओढली. आणि धोंडू हसला, चांगला खदखदून! मग काय नवल, उडालेली कौलं पारव्यांसारखी परत आली आणि एकेक करून छपरावर बसली. येसू पोचली तेव्हा गुरुजी पट मिटत होते. त्यांनी तो पुन्हा उघडला. शेवटचं नाव तिचं लागलं.

दुसऱ्या दिवशी दर पाळण्याला एकेक पोरगं, आणि शाळेत नव्या चौदा पोरी; गुरुजींनीच गुरुवारची अट मोडून पट पुन्हा उघडला. मोठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमलं नाही ते तीन शेंबड्यांनी केलं. पुढं सावळ्याला मिशी फुटली, चांगली झुबकेदार. आणि धोंडूला पहिलं अक्षर येसूनंच गिरवायला लावलं. मिशीपूर सुखानं नांदलं.

चला, मिटा डोळे. ज्याच्या घरी पाळणा असेल, त्यानं उद्या बहिणीच्या आधी उठायचं.