शेवटच्या टोकापर्यंत

फार पूर्वी कौतिकाच्या पोटात बाळ आकार घेत होतं. त्याच्या मानेपाशी जन्मलेल्या मज्जापेशी आतड्यात मुक्काम करत करत खाली निघाल्या होत्या. त्या पोचतील तिथवरच आतड्याला हलायला शिकता येणार होतं.

शेवट जवळ आला तशा सगळ्या थकल्या. थोरली पेशी म्हणाली, "बास, इथंच राहू या."

तेवढ्यात आतड्याच्या टोकानं खालून हाक मारली, "माझ्याकडे कुणीच येणार नाही का गं?"

इवली नावाच्या पेशीला गलबलून आलं. "मी जाते," ती म्हणाली.

"एकटी?"

"वाटेत मला लेकी होतील की!"

आणि झाल्याही. त्यांना घेऊन इवली टोकाला पोचली, तिथंच राहिली.

बाळ जन्मलं. पहिल्या शीची वाट बघत कौतिका काळजीनं बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपटं उलगडून सुईण हसली, "पोट साफ झालं गं लेकराचं. आता निवांत पाज."