हरण्याचा घास

‘मग मारायचीच का कुत्री?’

हे सिदूबाबांनी विचारलं, की ‘मारावीच लागतील’ असं आपण आधी म्हणालो, हे डॉक्टर हेरंब सोहोनींना आता नीटसं आठवत नाही. वय झालं. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. पण दुपार होती आणि माणदेशातल्या माळावरचं म्हसोबाचं ठाणं होतं, एवढं खरं.

सिदूबाबा त्या ठाण्याचे पुजारी. मेंढपाळांच्या वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सोहोनी शहरातले जंतांच्या रोगांचे प्राध्यापक. इकडे आले की बाबांच्या पायरीशी बसत. शिकायला, असं म्हणत. खरं तर शिकवायला.

बाबांची सून पारू तेव्हा शहरातल्या दवाखान्यात होती. तिच्या फुप्फुसातून नारळाएवढी पाण्याची गाठ काढली होती. हा रोग कुत्र्यांमुळे होतो, असं सोहोनींनी सांगितलं मात्र, वस्तीनं विषाच्या भाकरी करायचं ठरवलं. फक्त बाबांचा होकार राहिला होता. तोच घ्यायला सोहोनी आले होते.

बाबांच्या मांडीला टेकून त्यांचा तांबूस कुत्रा हरण्या बसला होता.

‘जरा लांब बसवा त्याला.’

‘भिताय व्हय?’

‘भीत नाही. सावध असतो.’

‘त्यो बी सावधच हाय. तुमच्याकडं पाठ करंना.’

‘थट्टा नको, बाबा. याच्या आतड्यात बारीक जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, याच्या केसांना चिकटतात. तिथून आपल्या हाताला, मग तोंडात.’

‘आन् ह्याच्या पोटात कुठनं आलं?’

‘मेंढराबकऱ्यांच्या काळजातून. पाण्याचे फोड असतात ना त्यावर, त्यातून.’



त्याच दिवशी नवसाचा बोकड कापला होता. कुणीतरी परातीत काळीज आणून ठेवलं. त्यावर दोन पांढुरके फोड. तिथली रीत अशी, की फोडाचं काळीज देवाला चालत नाही, माणसालाही नाही. टाकून द्यावं तर जीव होत नाही. म्हणून ते कुत्र्याला, मानाचा घास म्हणून बाबांच्या हातानं.

हरण्या शेपूट हलवत उठला.

बाबांनी काळीज उचललं. हात अर्ध्यातच थांबला.

‘ह्येच?’

‘हेच.’

‘मिसरूड फुटल्यापासनं घालतोय म्या…’

बाबांनी काळीज परत परातीत ठेवलं.

‘मग डाक्तरसाहेब, इख कुनाच्या भाकरीत घालायचं?’



बाबांनी स्वतः कुदळ घेतली. दम लागेपर्यंत खणलं, काळीज खोल पुरलं, वर धोंडा लोटला. हरण्या तिथं हुंगत राहिला. मग बाबांच्या रिकाम्या हातांकडे बघून कण्हला.

‘औषिद असतंय का ह्याला?’

‘गोळी असते. आहे माझ्या पिशवीत.’

‘आन् तुमी इख मागाय आलासा!’

‘एवढी कुत्री, बाबा… दर दीड महिन्यानं पुन्हा. कोण देणार?’

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात गोळी दाबली आणि तो डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला.

‘मी? तो तुमचं ऐकतो.’

‘माज्या हातचं लई खाल्लं त्यानं.’

जन्मभर कुत्र्यांचे जंत काचेखाली पाहिलेल्या सोहोनींनी कुत्र्याला कधी हात लावला नव्हता. त्यांनी तळहात पुढे केला. हरण्यानं आधी बाबांकडे पाहिलं, मग त्या तळहातावरून घास अलगद उचलला. त्याचं ओलं नाक बोटांना लागून गेलं.

‘आता हात धुवा,’ बाबा म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी त्यांनीच डॉक्टरांच्या हातांवर ओतलं.

विषाच्या भाकरी झाल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी सोहोनी पुन्हा त्या माळावर गेले. बाबा नव्हते, हरण्याही नव्हता. त्यांनी मुद्दाम उभं राहून खात्री करून घेतली: बोकड कापण्याआधी खड्डा खणला जातो, फोडाचं काळीज पुरून वर धोंडा येतो, आणि कुत्र्यांना त्याआधीच पोटभर भाकरी मिळते.

‘रोगाच्या भीतीनं करता ना हे?’ त्यांनी केस पिकलेल्या पारूला विचारलं.

‘ते बी हाय,’ ती म्हणाली. ‘पन मामंजी सांगून गेलेत… हरण्या आपल्यावर इश्वास ठिवून खात हुता.’