थोरल्याचं बेअरिंग

बेअरिंग फुटताना थोरल्याला दुखलं का, हे धाकट्यानं ज्याला त्याला विचारलं.

हायवेलगतच्या एका गॅरेजात जुन्या स्पोर्ट्स गाड्या विकायला यायच्या. त्यांतलेच हे दोघे भाऊ, एकाच कंपनीचे, दोघेही लाल. थोरला पहिल्या वर्षी बनलेला, धाकटा पाच वर्षांनंतरचा. गिऱ्हाईक आलं की थोरला हटकून बंद पडायचा आणि धाकटा एका चावीत सुरू व्हायचा.

"दादा, तुझ्यात दमच नाही," धाकटा चिडवायचा.

"नसेल रे. तू पळ, मी बघतो," थोरला म्हणायचा.

एका सकाळी थोरल्याच्या इंजिनातलं बेअरिंग फुटलं आणि तो कायमचा गप्प झाला. मिस्त्री म्हणाला, आता भंगारात.

"असा कसा तकलादू निघाला," धाकटा रडत चिडला.

तेव्हा गाड्या उचलून धरता धरता सगळ्यांना खालून ओळखणारा म्हातारा जॅकमामा बोलला. "बाळा, पहिल्या गाड्यांची बेअरिंगं फुटली, म्हणून कंपनीनं तुझ्यात जाड घातलं. त्याला ते ठाऊक होतं."

"मग मला का नाही बोलला?"

"तू पळालास की त्याला बरं वाटायचं."

मिस्त्रीनं थोरल्याला दोरानं धाकट्याच्या मागं बांधलं. भंगारवाला बारा किलोमीटरवर होता. एरवी सुसाट सुटणारा धाकटा त्या दिवशी सायकलींच्याही मागं राहिला. थोरल्याचं पोट घासू नये म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो थांबला आणि त्यानं भावाला हळूच पलीकडे उतरवून घेतलं.