शरभाची नखे

एकदा एका गडाच्या पहिल्या दरवाज्याचे काम एका वृद्ध स्थपतीकडे आले. दरवाज्यावर बसवायचा शरभ त्याने आपल्या शिष्याला कोरायला दिला. शरभ म्हणजे सिंहासारखा कल्पित पशू, गडाच्या पराक्रमाची खूण. गडाखालच्या तळ्याला वळसा घालून येणारी वाटही मुद्दाम अशी आखली होती, की येणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावरच पडावी.

शिष्य आठ महिने खपला. आयाळीची एकेक बट, पंजाखाली दबलेला हत्ती, हत्तीच्या मानेत रुतलेली नखे. काम पुरे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी किल्लेदार पाहायला येणार होता. पसंत पडले, तर वरचा महादरवाजाही शिष्याच्याच हाती येणार होता.

वृद्धाने दगडाभोवती एक फेरी मारली. "आयाळ छान उतरलीय," म्हणाला. शिष्य सुखावला. तोच वृद्धाने हातोडा उचलला आणि पाच घावांत पंजाची सगळी नखे उडवली.

शिष्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

"गुरुजी! हे काय केलंत? आठ महिने! उद्या सरकारांना काय मांजर दाखवू?"

"मांजर चालेल. खाटीक नको." वृद्धाने हातोडा खाली ठेवला. "हत्ती कसा कोरलायस?"

"गुडघे टेकलेला. सोंड जमिनीला लावलेली. शरभाचं बळ दिसावं म्हणून."

"म्हणजे शरण आलेला. त्याच्या मानेत नखं रुतलेली पाहून वाटेनं येणारा काय समजेल? की इथं शस्त्र खाली ठेवलं तरी जीव वाचत नाही. हत्ती झुंजत असता, तर मी नखांना हात लावला नसता."

"मग हत्तीच उभा करतो ना!" शिष्य रडकुंडीला आला.

"कशातून? तेवढा दगड ठेवलायस?"

ठेवला नव्हता. आठ महिने त्या गुडघ्यांसमोर बसून आपण फक्त स्वतःच्या हाताचे कौतुक करत होतो, हे त्याला तेव्हा दिसले, आणि हा धक्का पहिल्याहून मोठा होता. त्याने छिन्नी घेतली आणि नखांची तुटकी टोके गुळगुळीत करायला बसला.

सकाळी किल्लेदाराने भुवया उंचावल्या. "नखं कुठायत याची?"

वृद्धाने शिष्याकडे पाहिले.

"सरकार, हत्तीनं गुडघे टेकलेत," शिष्य म्हणाला.

किल्लेदाराने वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग "महादरवाज्याचं बघू" म्हणत तो निघून गेला. शिष्य विनवायला त्याच्यामागे धावला नाही; त्याने हत्यारे आवरायला घेतली.

भांडणात समोरचा गप्प झाल्यावरही, म्हणजे त्याने गुडघे टेकल्यावरही, आपण किती वेळ बोलत राहतो, एवढे आपण घरी गेल्यावर आठवून पाहावे.