झाडावर दोन वानरं

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक म्हातारी हरिणी राहत असे. राहत असे म्हणजे काय, कळप सांभाळून सांभाळून थकत असे. त्या जंगलाची एक रीत होती. उन्हाळा लागला की सगळे कळप पाणवठ्यावर जमायचे आणि वर्षभरासाठी एकेक राखणदार निवडायचे. गेल्या वर्षी ज्या कळपाची सर्वांत जास्त पाडसं गेली, त्याला पहिली निवड. यंदा तो मान हरिणीच्या कळपाचा होता. असला मान वैऱ्यालाही मिळू नये! ओढ्याकाठच्या उंच गवतातून येऊन बिबट्याने तिची तीन पाडसं नेली होती. आता कळपात एकच उरलं होतं, तिच्या लेकीचं, जरासं लंगडणारं.

राखणदारांच्या रांगेत एक टिटवी होती. गवताचं पातं वेडंवाकडं हललं तरी जंगल डोक्यावर घेणारी. तिच्या शेजारी एक तरुण, तगडं वानर. आता झाडावरून पहारा करणारं एक वानर हरिणीच्या कळपाकडे आधीपासून होतंच, आणि तेही दृष्ट लागावी असं. तेच म्हणालं, "आजी, टिटवी घ्या. वरून मला सगळं रान दिसतं, पण गवताच्या पोटातलं नाही दिसत."

"आणि उद्या तू पडलंस तर?"

"अहो, मी चांगलं धडधाकट आहे!"

"आधीचं वानरही धडधाकटच होतं. पडेपर्यंत." फार वर्षांपूर्वी ते वठलेल्या फांदीसकट खाली आलं होतं, आणि त्या दिवशी कळपाची उडालेली दाणादाण हरिणी विसरली नव्हती. तिने उसासा टाकला आणि तरुण वानर निवडलं. टिटवीला शेजारच्या कळपाने तिथल्या तिथे उचललं.

मग काय! एका वानराने पहारा करावा आणि दुसऱ्याने टेंभुर्णीची फळं खावीत. चैत्र सरेपर्यंत ते इतकं फुगलं, की हरिणांना वाघापेक्षा त्याच्या फांदीखाली उभं राहायची धास्ती वाटू लागली. ते बिचारं रोज विचारी, "आजी, मला काही काम?"

"ते पडलं की सांगते," हरिणी म्हणे.

पहिलं वानर काही पडलं नाही. बिबट्या मात्र आला, त्याच गवतातून. लंगडं पाडस पाण्यावर वाकलं होतं. दोन्ही वानरं एकदमच ओरडली, पण तोवर ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी हरिणी पाय ओढत शेजारच्या कळपाकडे गेली. "बाई, तुझी हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर आम्हांला चरू देशील?" तिने टिटवीला विचारलं.

"चरा की, आजी," टिटवी म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून तुमच्याच गवताकडे तोंड करून बसले होते. कालही ओरडले. पण इतक्या लांबून तुम्हांला ऐकू कसं येणार?"

हरिणीने मागे वळून पाहिलं. झाडावर दोन्ही वानरं बसली होती, अगदी धडधाकट.

तात्पर्य : फांदी उद्या मोडेल म्हणून तजवीज जरूर करावी, पण बिबट्या ज्या वाटेने येऊन गेला, ती वाट आधी राखावी.