गेलेल्या बारा शेरांचं पान

कनकगडच्या महाराजांचं वजन दर पौर्णिमेला भर दरबारात होई. त्र्यंबकवैद्यांच्या पथ्याने बारा शेर उतरले, पण पुढच्या दोन पौर्णिमांना पारडं तसूभरही हलेना. महाराज गरजले, "वैद्यबुवा, उद्यापर्यंत उपाय सांगा, नाहीतर राज्याची वेस ओलांडा!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी वैद्यबुवांनी महाराजांशेजारी रिकामा पाट ठेवला, पुढे केळीचं पान मांडलं आणि महाराजांच्या ताटातल्या दोन पोळ्या उचलून त्यावर वाढल्या.

"हे पान कुणाचं?"

"गेलेल्या बारा शेरांचं, महाराज. ते केव्हाच गेले, पण त्यांचं जेवण अजून आपणच जेवताय."

महाराजांना हसू आवरेना. "तुम्ही कुठेही जायचं नाही, वैद्यबुवा," म्हणत त्यांनी शिऱ्याची वाटीही तिकडे सरकवली. "घ्या, शिऱ्यापायीच तर आले होते बिचारे!"