हॅझलबीकरांचं गाव

“खोटारडी बाई! वेळोशीत एकही वेळोशीकर नाही!” हॅझलबी साहेबाने टेबलावर मूठ आपटली.

“नसणारच!” भिवरा कासारीण दुप्पट आवाजात म्हणाली. “ओरडू नका, साहेब. टोपली बांगड्यांची आहे, तडा जाईल!”

महाराजांच्या आज्याने वेळोशीकर कासारांना बाजारात एक जागा लिहून दिली होती. तीन पिढ्या तिथे भिवराच्या घरचे बांगड्या भरत होते. आता हा नवा कारभारी आला. त्याला त्या जागी घोड्यांची पागा हवी! त्याने वेळोशीला माणूस धाडला, आणि त्या नावाचं चिटपाखरूही सापडलं नाही म्हणून हिला लबाड ठरवून मोकळा झाला.

“उद्यापर्यंत वेळोशीत राहणारा एक वेळोशीकर आण. नाहीतर दुकान खाली कर!”

गादीवर महाराज मिशी कुरवाळत बघत होते. नसलेला माणूस आणायचा कुठून? पण घाबरून तोंड मिटणारी भिवरा नव्हे. साहेबाच्या कोपराखाली एक जाडजूड वही होती, तिच्याकडे तिने बोट केलं.

“ते काय हो, साहेब?”

साहेब एकदम फुलला. “माझ्या कुळाची नोंद! जगातला प्रत्येक हॅझलबी मी यात लिहिला आहे. वीस वर्षं पत्रं पाठवतो आहे.”

“पण हॅझलबी म्हणजे काय?”

“आमचं मूळ गाव. हॅझल हे झाड, आणि बी म्हणजे वाडी.”

“अगंबाई! मला वाटलं, पेरायचं बी!” भिवरा म्हणाली. “म्हणजे आमच्याकडे बोरवाडीकर असतात, तसे तुम्ही हॅझलबीकर!”

महाराजांना ठसका लागला.

“आणि हे हॅझलबीकर हल्ली असतात कुठे?”

साहेब ऐटीत वाचू लागला. “लंडनमध्ये एकशे चाळीस. ऑस्ट्रेलियात साठ. कॅनडात बावीस. कलकत्त्यात दोन, आणि इथे मी!”

“अन् खुद्द हॅझलबीत?”

साहेबाने पान उलटलं. मग मागचं उलटलं. मग चष्मा पुसला.

“बोला की! तिथला एक तरी आणा उद्यापर्यंत!”

“तिथे... एकही नाही,” साहेब पुटपुटला. “पण असं कसं?”

भिवराने कसं ते सांगितलं. ते ऐकून महाराज इतके हसले की पगडी लोडामागे घरंगळली. साहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग तोही खो खो हसला आणि हुकुमाचा कागद त्याने आपल्याच हाताने टराटरा फाडला. जागा तर राहिलीच, वर राजवाड्यात बांगड्या भरायचा मानही महाराजांनी भिवराला दिला.

ती म्हणाली होती एवढंच, “अहो साहेब, गावात बसलेल्याला गावाच्या नावाने कोण हाक मारतं? गाव सोडणाऱ्यालाच गाव चिकटतं, मला वेळोशी चिकटली तशी तुम्हाला हॅझलबी!”